तासभर गप्प

६ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही आमच्या हिने आणली तेव्हा माझा आवाज गेलेला होता. गळ्यावर किरणांचे तेहतीस डोस घेतले. विसाव्यानंतर घशातून नुसती हवा यायला लागली. "काय हवं ते लिहून दाखवा," ती म्हणाली. त्यामुळे पहिली चाळीस पानं 'पाणी', 'पंखा बंद कर', 'त्यांना सांग मी मेलेलो नाही, दुकान उघडणार आहे' असल्या मजकुरानं भरली आहेत. आवाज परत येऊन आता पाच आठवडे झाले, तरी लिहायची खोड जात नाही. दिवसभर बोलून जे उरतं ते इथे उतरवतो. ही म्हणते, उरतं हेच नवल.

बत्तीस वर्षं सलून चालवतोय. हजारो माना या हातांखालून गेल्या, आणि गाठ सापडली ती माझ्याच मानेत, दाढी करताना बोटाला लागली. रोगाचं मूळ टॉन्सिलमध्ये निघालं. उपचार संपून तीन महिने झाले. परवा स्कॅन आहे. रोग गेला की कुठे दडून बसलाय, ते त्यात कळणार. घशाचे डॉक्टर म्हणाले, "स्वच्छ निघालं तर सुटलात." डॉक्टरांच्या डोक्यावर एक केस नाही. माणूस भला आहे, पण माझ्या काही कामाचा नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

स्कॅन झाला. सहा तास उपाशी होतो, आता जेवून बसलोय.

तिथली टेक्निशियन म्हणजे एक चुणचुणीत पोरगी. दंडात सुई खुपसता खुपसता म्हणाली, "काका, ही साखरच आहे. फक्त तिला थोडा किरणोत्सारी पदार्थ जोडलाय. शरीरात जो भाग जास्त काम करतो, तो जास्त साखर ओढतो. कॅन्सरच्या पेशी भारी हावरट, त्या सगळ्यांच्या आधी तुटून पडतात. आणि जिथे साखर साठते ती जागा आमच्या मशीनमध्ये उजळते."

"म्हणजे चोराला जेवायला बोलवून पकडायचं," मी म्हटलं. तिला ते फार आवडलं. पुढच्या पेशंटला सांगणार म्हणाली.

मग तिने बजावलं, "आता एक तास नुसतं पडून राहायचं. बोलायचं नाही, काही चघळायचं नाही, मान वळवायची नाही. बोललात तर घशाचे स्नायू राबणार, तेही साखर खाणार, आणि मग चोर कोण आणि पाहुणा कोण हे आम्हाला कळायचं नाही." आमची ही दारातच उभी होती. तिने माझ्यावर बोट रोखलं. "एक शब्द नाही." मी शपथ घेतली.

आणि पाळली. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण बाहेर आल्यापासून ही माझ्याकडे संशयानं बघतेय. तासभर तोंडातून आवाज काढला नाही.

खोली थंडगार होती, म्हणून पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं. छताच्या कोपऱ्यात कॅमेरा. मधे शिशाचा जाड आडोसा आणि त्याच्या पलीकडे दुसरा पेशंट. हा लिफ्टदुरुस्तीची कामं करतो, अठरा वर्षं झाली. पोटात काहीतरी दिसलंय म्हणून धाडलाय. दोन मुली, थोरली पोहण्यात पटाईत. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये हा बिनधास्त उतरतो, पण सुई टोचल्यापासून त्याला उठून पळून जावंसं वाटत होतं. केस दाट कुरळे. आत येतानाच माझ्या नजरेत भरले होते, कुणीतरी विळीवर चिरल्यासारखे. कुरळे केस ओले असताना कापायचे नसतात, सुकले की आखडून वर जातात. हे त्याला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आता ठाऊक आहे. आमच्या दुकानाचा पत्ताही ठाऊक आहे. शेवटी शेवटी तर हसत होता बिचारा.

गिऱ्हाईकाच्या कानाशी हलकेच जे चालतं त्याला बोलणं म्हणत नाहीत, हे कुठलाही सलूनवाला सांगेल. आवाज फुटला तर ते बोलणं.

निघताना पोरगी म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा, अंगात अजून किरण आहेत." घरी येऊन मी खुर्ची खिडकीशी नेली आणि हिला म्हटलं, तू पण लांब बस. ती म्हणाली, "मी त्या दोन्हींत मोडत नाही." आणि शिवणाचं सामान घेऊन अगदी खेटून बसली. काही म्हणता काही ऐकत नाही ही बाई.

१० फेब्रुवारी, शनिवार

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी चार महिने नव्हतो तर लोकांनी डोक्यांची काय दशा करून घेतलीय! शाळेतले मास्तर, माझं जुनं गिऱ्हाईक, ते तर बायकोकडून केस कापून घेत होते. मागून पाहिलं तर पायऱ्या पायऱ्या. मी म्हटलं, मास्तर, संसार टिकलाय हेच खूप. सगळे हसले, मास्तर सर्वांत जास्त. चौदा डोकी झाली. पाय भरून आलेत पण मजा आली. बोलता येणं काय चीज आहे हे गेल्याशिवाय कळत नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

टॉन्सिल साफ. मान साफ. फुप्फुसं साफ. डॉक्टर एकेक वाचत होते आणि मी मनात एकेक गिऱ्हाईक खुर्चीवरून उतरवत होतो.

मग ते थांबले. स्वरयंत्र उजळलंय. त्यांनी पडदा आमच्याकडे फिरवला. काळ्या मानेच्या मधोमध दोन पिवळे ठिपके, उजवा जरा मोठा.

"त्या तासाभरात बोलला होतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"शपथ घेतली होती त्यांनी," ही म्हणाली. पाच दिवस संशय घेणारी बाई तिथे माझ्या बाजूनं उभी राहिली, मला बरं वाटलं.

डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. आत सूज आहे. किरणांमुळे असेल, नसेलही. तेव्हा २८ तारखेला भूल देऊन तुकडा काढायचा. रोग निघाला तर त्या जागी पुन्हा किरण देता येणार नाहीत. मग स्वरयंत्रच काढावं लागेल.

"काढायचं म्हणजे?" मी विचारलं. काढायचं म्हणजे काढायचं. त्यानंतर गळ्याला भोक, आणि आजचा हा आवाज नाही.

सरळ लिहितो, मी घाबरलो. पहिल्यांदा गाठ लागली तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. कात्री कुणीही चालवतं. माझ्याकडे लोक येतात ते बसून दोन गोष्टी ऐकायला. मुका सलूनवाला कशाला हवाय कुणाला?

१४ फेब्रुवारी, बुधवार

दुकानात कुणाला काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. मी फक्त मास्तरांना सांगितलं. आणि औषधवाल्याला, कारण त्याने विचारलंच. आणि मास्तरांच्या शेजारी जे बसले होते त्यांना ऐकू गेलं, त्याला माझा इलाज नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

हिचं काहीतरी बिनसलंय. घरात बोलत नाही, आणि तीन दिवसांपासून दुपारी शिवण घेऊन दुकानात येऊन बसते. गिऱ्हाईकांच्या बाकावर! मी विचारलं, तर म्हणे घरी उजेड कमी पडतो. आमच्या घराला चार खिडक्या आहेत. एकाच पडद्याची दुमड तिने काल घातली आणि आज उसवली.

शिवाय आपला फोन आरशाखालच्या फळीवर, माझ्या कंगव्यांजवळ उभा करून ठेवते. आज हात लागून पडला तर केवढी ओरडली. मी म्हटलं, पडद्यावर सारखा लाल ठिपका लुकलुकतोय, तिथे चार्जर पण नाही, कशाला ठेवतेस? म्हणाली, "राहू दे तिथेच. तुम्ही तुमचं बोला."

बत्तीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज दुकान रिकामं होतं. ही म्हणाली, "आपल्या पहिल्या भेटीची गोष्ट सांगा."

"तुला पाठ आहे ती."

"तरी सांगा. नीट, पहिल्यापासून."

मग सांगितली. तिचा भाऊ केस कापायला आला होता. यंत्र मध्येच बंद पडलं, वीज गेली, आणि तो अर्ध्या डोक्यानं घरी गेला. पंधरा मिनिटांत ही भांडायला हजर. माझ्याकडे बघायच्या आधी तिने आरशात बघून आपली बट मागे सारली, ते मी पाहिलं. हे मी नेहमी मीठमसाला लावून सांगतो आणि ती नेहमी "साफ खोटं" म्हणते. आज म्हणाली नाही. सुईत दोरा ओवत बसली होती, तो काही ओवला जाईना. डोळे तपासून घे म्हटलं तर उठून फोन घेतला आणि बाहेर गेली.

आठ दिवस राहिले. दाढी करताना रोज मोठ्यानं 'अ आ इ ई' म्हणून बघतो. आवाज खणखणीत आहे. इतका चांगला आवाज आतून कुजलेला कसा असेल, मला पटत नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर माझं मलाच खरं वाटायचं नाही.

दुपारी दारात कुरळे उभे! म्हणजे तो लिफ्टवाला. त्याचं पोटातलं साधं निघालं, औषधांनी जाईल. मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठीच मारली. मग खुर्चीत बसवला, गळ्याशी कापड बांधलं आणि सुक्या केसांवर कात्री धरली. उजवी बाजू छान उतरली होती. ही बाकावर पडदा शिवत होती.

आरशातूनच तो तिला म्हणाला, "वहिनी, यांचे फार उपकार आहेत माझ्यावर. त्या दिवशी मी पळूनच जाणार होतो. यांनी तासभर गप्पा मारून मला धरून ठेवलं."

सुई थांबली. "किती वेळ?" ही म्हणाली.

"पूर्ण तास! केसांचं काय, मास्तरांचं काय. तुम्ही अर्ध्या डोक्यावरून भांडायला आला होतात ना, तेसुद्धा सांगितलं."

मी म्हटलं, "अगं, मी आवाज कुठे काढला? नुसता कुजबुजलो."

"कुजबुजलात कशानं? गुडघ्यानं?"

ती उभी राहिली, मांडीवरचा पडदा खाली पडला. "अहो, घसाच वापरलात ना? तासभर? साखर टोचल्यावर? आणि डॉक्टरांनी तोंडावर विचारलं तेव्हा नाही म्हणालात! पाच दिवसांनी तुमचा गळा उघडणार होते ते!" मग तिने पडदा उचलून तोंडावर धरला. आधी वाटलं रडतेय, मग वाटलं हसतेय. दोन्ही चाललं होतं. पडद्यातूनच म्हणाली, "चला. आत्ताच्या आत्ता."

"यांचं डोकं अर्धंच झालंय," मी म्हटलं.

"मी येतो तसाच," लिफ्टवाला गळ्याचं कापड सोडत म्हणाला. "साक्षीला कुणी हवं ना."

बसमध्ये आम्हा तिघांकडे सगळे बघत होते. एकीकडून बघणाऱ्यांना तो साहेब वाटत होता, दुसरीकडून जंगलातून आलेला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्या डोक्याकडे दोनदा पाहिलं, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. त्यांना माझा राग यायला हवा होता. "दोन्ही बाजू उजळल्या होत्या, म्हणून तर मी विचारलं होतं," ते म्हणाले. "आणि कुजबुजताना घसा काही सुट्टीवर नसतो, उलट जास्तच ताणला जातो." टेक्निशियन पोरीला बोलावलं. तिने कपाळावर हात मारला. "काका! म्हणून पांघरूण नाकापर्यंत होतं! मला वाटलं थंडी वाजतेय."

थंडी वाजतच होती. पण आता माझं कोण ऐकणार.

डॉक्टर मग गंभीर झाले. यावरून रोग नाही असं ठरत नाही. मंगळवारी पुन्हा स्कॅन, खरोखर गप्प राहून. पुन्हा उजळलं तर तुकडा काढावाच लागेल, आणि पुढचं पुढे. २८ तारीख त्यांनी अजून खोडलेली नाही.

परत येऊन कुरळ्याची डावी बाजू पुरी केली. ही समोर बसून पहारा देत होती.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आपल्या मूर्खपणामुळे स्कॅनमध्ये तो दिवा लागला असेल तर माझ्याएवढा सुखी माणूस नाही. पण तो दिवा खराच असेल तर? मग मूर्खपणाचाही आधार उरणार नाही. गेले तीन दिवस मी मूर्ख ठरावा म्हणून जीव टांगणीला लावून बसलोय. ही वेळ कुणावर येऊ नये.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पोरीने आज पांघरूण छातीवरच खोचलं. "कॅमेऱ्यात तोंड दिसलं पाहिजे, काका. आणि हेही वर्ज्य," असं म्हणून तिने कुजबुजून दाखवलं. हिने या वेळी शपथ घातली नाही. नुसता माझा चष्मा काढून आपल्या पर्समध्ये ठेवला आणि गेली.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग पलीकडून बाईचा आवाज आला, म्हातारा, बारीक. "कुणी आहे का हो तिकडे?"

जीभ टाळूला चिकटवून ठेवली. "कुणीच नाही वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि हुंदका दिल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला इतकं वाईट वाटलं! आयुष्यात माझ्या शेजारी बसून कुणी एकटं राहिलेलं नाही. शेवटी हात हळूच सरकवला आणि बोटाच्या पेरानं आडोशावर दोनदा ठोकलं. टक टक.

मग पलीकडून टक टक.

असं आमचं तासभर चाललं. ती तीन ठोकायची, मी तीन. एकदा मी उगाच लांबलचक काहीतरी ठोकलं तर ती खुदकन हसली. बोटाची पेरं उजळली तर उजळू देत. घसा मात्र मी हलवला नाही, थुंकीसुद्धा जपून गिळली.

पोरगी आत आली ती म्हणाली, "काका, मी सगळं पाहिलं. आजींनाही गप्प राहायचं होतं हो! पण त्यांचं गुडघ्याचं आहे, चालेल."

बाहेर हिने विचारलं, "बोललात?" मी नाही म्हणून मान हलवली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पहिल्यांदाच विश्वास ठेवला. तेव्हा मला कळलं की आता खरं उत्तर येणार. डॉक्टरांनी निरोप धाडला, उद्याचं थांबवतो, शुक्रवारी या.

१ मार्च, शुक्रवार

डॉक्टर पडदा आमच्याकडे फिरवून बसले. मानेच्या मधोमध काळं. नुसतं काळं. मला चष्मा लावूनही खात्री पटेना, म्हणून पडद्याजवळ गेलो आणि बोटानं जागा चाचपली.

"काही नाही?" ही म्हणाली.

"काही नाही. रोग कुठेच दिसत नाही. सूज किरणांची आहे, उतरेल. तीन महिन्यांनी मला दुर्बिणीतून बघू द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गळा तुमचाच राहिला."

मला डॉक्टरांना खूप काही म्हणायचं होतं. कालपासून वाक्यं जुळवली होती, एक विनोदही होता, त्यांच्या टकलावर. एकही आठवलं नाही. त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसता हलवत राहिलो. शेवटी हिनेच सोडवला.

दवाखान्यासमोरच्या बस थांब्यावर आलो. ही बाकावर बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि रडायला लागली. साधंसुधं नाही, खांदे हलवून. बत्तीस वर्षांत असं रडताना तिला मी पाहिलेलं नाही. गाठ निघाली तेव्हा नाही, तेहतीस डोसांत नाही. आता तर सगळं चांगलं झालंय, मग ही का रडतेय मला समजेना. गिऱ्हाईक रडलं तर काय बोलायचं ते मला येतं. इथे काही सुचलं नाही. शेजारी बसलो आणि तिची पर्स धरली.

बऱ्याच वेळानं तिने पदराने नाक पुसलं आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "बोला की काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. मोठ्यानं बोला."

मग मी बोललो. समोरच्या माणसाच्या भांगाबद्दल बोललो, टक टक करणाऱ्या आजींबद्दल बोललो, डॉक्टरांना सांगायचा राहिलेला विनोद सांगितला, तिची बट आणि आरसा सांगितला. ती माझ्या खांद्याला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. बटेपाशी आलो तेव्हा म्हणाली, "साफ खोटं." थांब्यावरची माणसं वळून बघत होती. आमच्या दोन बस आल्या आणि गेल्या, तिसरीही आम्ही सोडली.